अबूची म्हातारी वानरी

सातारा

चि. निखिल,


तुझा लांबलचक मेल वाचला. त्याला मोबाइलवर उत्तर टायपायला माझी बोटं तयार नाहीत, म्हणून कागद. रिचर्ड डॉकिन्सचं 'द सेल्फिश जीन' तू पूर्ण वाचलंस, याचा आनंद झाला. पुस्तक 1976 चं, पण तरण्या पोरांची झोप अजून उडवतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना दर वर्षी एखादा तरी मुलगा ते वाचून पेटून यायचा. 'मॅडम, सगळे स्वार्थीच, मग चांगुलपणाचं नाटक कशाला?' फरक इतकाच, की त्यांतल्या कुणाच्या घरात त्या वेळी खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी नव्हती.

तू दोन गोष्टी एका दमात लिहिल्यास. माणूस जन्मजात स्वार्थी असल्याचं विज्ञानानं सिद्ध केलंय, ही एक. काका आजीचं करतो ते वाईच्या घरावर डोळा ठेवून, तेव्हा तू तुझे शनिवार-रविवार का घालवावेस, ही दुसरी. तुला वाटतं पहिलीतून दुसरी निघाली. मला वाटतं दुसरी आधी ठरली आणि पहिलीला नंतर साक्षीला बोलावलं.

त्या साक्षीदाराची उलटतपासणी करू. जनुकाला मन नसतं, हेतू नसतो. ज्या जनुकाच्या प्रती जास्त पसरतात तो टिकतो, बाकीचे मागे पडतात. डॉकिन्स याला स्वार्थ म्हणतो. 1964 साली हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मे जनुक एकाच उगमाचे, चुलत भावंडांत एक अष्टमांश. म्हणून नातलगासाठी झीज सोसायला लावणारा जनुकही पसरू शकतो. म्हणजे जनुकाचा 'स्वार्थ' साधायला आई खरोखर उपाशी राहते. तिच्या मनात हिशेब नसतो, पोटात भूक असते. तू नेमका इथेच घसरलास: जनुकाचा हिशेब उचललास आणि माणसाच्या मनावर चिकटवलास.

आता वानरं. सुगियामा नावाच्या जपानी संशोधकानं साठच्या दशकात धारवाडजवळ पाहिलं, की बाहेरचा हुप्प्या येऊन टोळीच्या नराला हुसकून लावतो आणि मग अंगावर पिणारी पिल्लं मारतो. पुढे सारा हर्डी या अमेरिकन बाईनं माउंट अबूच्या वानरांमागे डोंगर तुडवले आणि 1977 मध्ये पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं, की पिल्लू गेलं की मादीचं दूध आटतं, ती लवकर माजावर येते आणि नव्या नराला त्याची सद्दी संपायच्या आत स्वतःची पोरं मिळतात. तुझ्या मुद्द्याला याहून भयंकर पुरावा मिळायचा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये हीच वानरं आहेत, हाच रक्तपात आहे. त्या छोट्या कादंबरीला 1983 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. तुझ्या वयाची मुलं ती राजकारणाचं रूपक म्हणून वाचतात आणि थेट मंत्रालय गाठतात! मी म्हणते, आधी जरा झाडावर थांबा. टोळीत काय एकटा हुप्प्याच असतो?

हर्डीच्या अबूच्या टोळीत एक म्हातारी वानरी होती. पिल्लं होण्याचं वय उलटलेलं, टोळीच्या कडेकडेनं राहणारी, खाण्याच्या जागेवरून कुणीही हुसकवावी अशी. पण नवा नर पिल्लावर झेपावला की ही म्हातारी दुसऱ्या एका थोट्या मादीला घेऊन त्याच्या अंगावर जायची. ताकदीनं वरचढ नर, दात सुरीसारखे. त्याच्या तावडीतून त्यांनी पिल्लू ओढून घेतलेलं हर्डीनं लिहून ठेवलंय. याचंही गणित आहेच: टोळीतल्या माद्या बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या, म्हातारीला स्वतःची पिल्लं आता होणार नाहीत, तेव्हा तिनं जीव धोक्यात घालणं जनुकांना परवडतं. ठीक. पण गणित सुटलं म्हणून तिचं झेपावणं खोटं ठरलं का? उत्क्रांतीनं हुप्प्याही घडवला आणि ही म्हातारीही. तू मात्र पुराव्यातून एकटा हुप्प्या उचललास.

याच हर्डीबाईंनी 2009 मध्ये माणसाच्या मुलांवर पुस्तक लिहिलं, ते मला त्यांच्या वानरांहून मोलाचं वाटतं. चिंपांझीची आई कित्येक महिने पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. माणसाची देते. बारशाला बाळ किती हातांतून फिरतं, आठव. माणसाचं पोर इतकं महागडं आणि इतकं सावकाश वाढणारं, की एकट्या आईला पेलवत नाही. आज्या, मावश्या, आत्या, थोरली भावंडं यांच्या जिवावरच आपली जात तगली, असं त्या म्हणतात. तुझी आई बँकेतून सहाला यायची, तोवर तुला मऊ भात कोण भरवायचं हे मी लिहीत नाही. लिहीत नाही म्हणता म्हणता लिहिलंच.

आपल्या लोकमान्यांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली होती. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिताना (पुस्तक आलं 1915 ला) त्यांनी हॉब्ससारख्या तत्त्वज्ञांचा समाचार घेतला. सगळा परोपकार म्हणजे दूरदर्शी स्वार्थच, हे त्यांना मान्य नव्हतं. वाघासारखं क्रूर जनावरही पिल्लांसाठी जीव द्यायला तयार होतं, तेव्हा प्रेम हे स्वार्थाइतकंच स्वाभाविक, असा त्यांचा दाखला. हॅमिल्टन भेटला असता तर त्यानं वाघिणीचंही गणित त्यांच्यापुढे मांडलं असतं, आणि स्वतः गणिती असलेल्या टिळकांनी ते चवीनं तपासलं असतं. तरी मुद्दा त्यांचाच टिकला असता, असं माझं मत. प्रेम कशातून उपजलं हे कळल्यानं ते प्रेम नव्हतं असं होत नाही.

आणखी एक. तुझ्या त्याच पुस्तकाची मूळ प्रस्तावना रॉबर्ट ट्रिव्हर्सची आहे, ती बहुतेक तू ओलांडलीस. तो म्हणतो, दुसऱ्याला फसवायचं तर आधी स्वतःला फसवता आलेलं बरं, म्हणजे चेहऱ्यावर काही दिसत नाही. आता तुझा मेल पुन्हा वाच. शनिवारी तुला झोप हवी आहे, मित्र हवेत. सरळ लिहितास तर मी एका ओळीत समजले असते. तू डार्विनला मध्ये घातलंस.

आता काका. त्याला घर हवंय का? हवंच आहे. मग? रात्री तीनला आजी हाक मारते तेव्हा उठून तिच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, कमरेखाली हात घालून तिला कुशीवर वळवणारा तोच असतो. त्या क्षणी त्याच्या डोक्यात सात-बारा असतो की आई, हे तुला पुण्यात बसून कळणार नाही, आणि त्यालाही धड सांगता येणार नाही. माणसाच्या मनात दोन्ही नांदतात. आजीच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत, मी एवढंच बघते.

माझंही ऐकून ठेव. ती माझी आई आहे, तू पाळी घेतलीस की माझा भार हलका होतो. तेव्हा हे पत्रही बिनस्वार्थी नाही. घराचं म्हणशील तर हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. 1994 च्या महाराष्ट्राच्या आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, तरी बहिणीनं वाटा मागितला की गावात ती हावरट आणि सही केली की लाखातली एक. फुकटच्या थोरपणाची हौस मला नाही. माझा वाटा मी मोठ्यानं मागते, माझ्या पाळीच्या रात्रीही मोजून देते. तूही तसंच कर. जे हवं ते माग, विज्ञानाच्या आडून नको.

येत्या शनिवारी वाईला ये. दुपारी जेवण झालं, आजी झोपली, की काकाला समोर बसव आणि घराचं सरळ विचार. मला फोनवर घे. रात्रीची मावशी ठेवायची तर तिचा पगार तीन घरांत वाटायचा, हेही तेव्हाच ठरवू, आणि तुला महिन्याला एकच शनिवार जमत असेल तर तेवढाच कबूल कर, पण तो चुकवू नकोस. येताना वॉकरच्या पायांना लावायची रबरी बुचं आण. वाईत मापाची मिळाली नाहीत, आणि फरशीवर तो घसरतो.

तुझी,
आत्या