आजीबाईंचं ‘कॅरी’ आणि नातवाचं ‘यॉल’

प्रश्न : लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत अटलांटाजवळ सहा महिने राहून आले. शेजारच्या सत्तरीच्या बाई फार प्रेमळ. एकदा म्हणाल्या, ‘आय विल कॅरी यू टू द स्टोअर.’ मी घाबरलेच, उचलून नेणार की काय! नेलं मात्र गाडीतून. माझं इंग्रजी अडखळलं की त्या ‘ब्लेस युअर हार्ट’ म्हणायच्या. जावई म्हणतात, तो टोमणा असतो. मोठा नातू घरात सगळ्यांना ‘यॉल’ म्हणायला लागलाय आणि लेक त्याला ‘अशुद्ध बोलू नकोस’ म्हणून दटावते. हे इंग्रजी खरंच अशुद्ध आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, मिसिसिपी अशा दक्षिणेकडच्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाणारं हे घरगुती इंग्रजी आहे आणि त्याला स्वतःचं व्याकरण आहे.

नातवाचं ‘यॉल’च घ्या. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. इंग्रजीतही एके काळी एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’ होतं. पुढे ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून गेलं आणि एकटं ‘यू’ दोघांचं काम करू लागलं. समोर चौघं बसली असताना ‘यू’ नेमकं कोणाला म्हटलं, हे कळेना. दक्षिणेतल्या लोकांनी ‘यू’ला ‘ऑल’ जोडून ती अडचण सोडवली. फरक एवढाच, की आपलं ‘तुम्ही’ आदरार्थीही चालतं, ‘यॉल’ मात्र अनेकांसाठीच. आदर ते वेगळ्या तऱ्हेने दाखवतात. मोठ्यांशी बोलताना मुलं ‘येस मॅम’, ‘येस सर’ म्हणतात. शेजारच्या बाईंना हाक मारताना नावाआधी ‘मिस’ लावतात, मग त्यांचं लग्न झालेलं असो वा नसो. आपली मुलं शेजारणीला मावशी किंवा काकू म्हणतात, त्याच वळणाचं हे.

‘कॅरी’चा ‘सोबत घेऊन जाणं’ हा अर्थ जुनाच आहे. इतरत्र तो मागे पडला, दक्षिणेत जुन्या माणसांच्या तोंडी राहिला. ‘त्या तिकडे’ या अर्थाचं ‘यॉन्डर’ही असंच टिकलं. ‘आय माइट कुड कम टुमॉरो’ म्हणजे ‘उद्या यायला जमेल बहुतेक’. शाळेत या ‘माइट कुड’वर लाल रेघ बसेल. पण अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागातून पुष्कळ कुटुंबं अ‍ॅपालाचियन डोंगररांगांत येऊन राहिली. त्यांचे पूर्वज मूळचे स्कॉटलंडकडचे आणि तिथे अशी जोडी आजही ऐकू येते.

दुसरा मोठा वारसा आफ्रिकेचा. शेंगदाण्याला दक्षिणेत ‘गूबर’ म्हणतात. लुइझियानात ‘गम्बो’ नावाचं रस्सेदार कालवण करतात आणि त्या नावाचा मूळ अर्थ भेंडी. गुलाम करून आणलेल्या माणसांनी अंगोला-कांगोकडचे हे शब्द सोबत आणले. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या वंशजांची गल्ला बोली कित्येक वर्षं ‘मोडकं इंग्रजी’ म्हणून हिणवली गेली. लोरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने त्या वस्त्यांत जाऊन माणसांचं बोलणं ऐकलं, नोंदवलं आणि 1949 च्या ग्रंथात त्यातले आफ्रिकी शब्द नि नावं पुराव्यानिशी मांडली. म्हणून ‘अशुद्ध’ हा शिक्का मारताना हात आखडावा. तो शब्दावर मारलेला असतो, पण बसतो माणसावर.

या बोलीतल्या म्हणी तर तुम्हाला घरच्याच वाटतील. कोणी फार संतापलं, की ‘मॅडर दॅन अ वेट हेन’, भिजलेल्या कोंबडीहून जास्त चिडलेला. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि खुराड्यातून हलत नाही. तिची खुडूक मोडायला तिला गार पाण्यात बुचकळून काढतात. ती पंख फडफडवत कशी अंगावर येते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. दुसरी म्हण, ‘लॉर्ड विलिंग अँड द क्रीक डोन्ट राइज’. देवाच्या मनात असेल आणि ओढ्याला पाणी चढलं नाही, तर येईन. ओढा भरला की पलीकडची वाडी तुटते, हे सातारकरांना वेगळं काय सांगायचं!

आता ‘ब्लेस युअर हार्ट’. जावयांचं म्हणणं खोटं नाही. ‘पोरगी गोड आहे, ब्लेस हर हार्ट, पण स्वयंपाक काही जमत नाही’ अशा बोलण्यात त्याला टोमण्याची धार येते. पण आजारपणात, दुःखात किंवा कोणी धडपडत असताना तेच शब्द मनापासूनही म्हणतात. आपलं ‘धन्य आहे बाई तुझी!’ कौतुकाचंही असतं आणि टोचणारंही. निर्णय सूर करतो आणि म्हणणाऱ्या माणसाची वागणूक करते. आपल्या गाडीतून तुम्हाला बाजाराला नेणाऱ्या बाई तुम्ही अडखळल्यावर ते म्हणत असतील, तर तो धीर आहे. तसाच घ्या.

नातवाला दटावू नका, असं लेकीला जरूर सांगा. शाळेतलं इंग्रजी तो शाळेत शिकेलच. कुठे काय बोलायचं हे मुलांना लवकर उमगतं. आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्या बाई दिसल्या, तर तुम्हीच विचारा, ‘हाऊ आर यॉल?’ फक्त त्यांची नाही, त्यांच्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारलीत, हे त्यांना बरोबर कळेल.