रस्ता सर्वांचा, पहिला मान पादचाऱ्याचा

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच रस्त्याने सायकलवरून जात. पुढे स्कूटर व मोटारसायकली आल्या, त्यांच्या मागोमाग मोटारी वाढल्या. पण पेठांतील रस्ते त्या प्रमाणात रुंद होणे शक्य नव्हते. जी जागा सर्वांची होती ती वेगाने जाणाऱ्याची झाली आणि पायी चालणारा कडेला लोटला गेला. राज्यातील अनेक वाढत्या शहरांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही.

या स्थितीची किंमत मोठी आहे. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक.

वेगाचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्या अवधीत तिचा वेग मुळीच कमी झालेला नसतो. कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास तिला आणखी जवळजवळ तेवढेच अंतर लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार मात्र एकूण सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. उभ्या असलेल्या टेम्पोआडून एखादे मूल १४ मीटरवर अचानक रस्त्यात आले, तर दुसरी मोटार त्याच्या अलीकडे थांबेल. पहिली ब्रेक लागण्याच्या आतच त्याच्यापर्यंत पोहोचलेली असेल. दोन्ही चालक सारखेच दक्ष असतील, तरीही मुलाचे प्राण वेगावरच अवलंबून राहतात. म्हणून शाळा, बाजार आणि रुग्णालये यांच्या परिसरात वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवणे अगत्याचे आहे.

जागेची वाटणी

केवळ उपदेशाने वेग कमी होत नाही. त्यासाठी रस्त्याची रचनाही तशी असावी लागते. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे भारतीय रस्ते महासभेचे मानक आहे. विजेचा खांब, दुकानाची पायरी किंवा उभी केलेली मोटारसायकल यांनी ही जागा अडवली, की वृद्ध माणसाला वाहनांच्या गर्दीत उतरावे लागते. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सायकल आराखड्याला मान्यता दिली. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करण्यात आले. रस्ता तोच असला तरी त्याची वाटणी बदलता येते, हे या कामाने दाखवून दिले.

कायदा आणि कर्तव्य

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न झाल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण किंवा ठेकेदार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पदपथाचा वापर हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. पदपथ ही आता कृपेने द्यावयाची सोय राहिलेली नाही.

हक्काबरोबर कर्तव्येही येतात. सायकलस्वाराने उलट दिशेने जाऊ नये आणि रात्री दिवा लावल्याशिवाय निघू नये. पादचाऱ्याने झेब्रा पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडावा. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. परंतु ज्याच्या हाती अधिक वेग व अधिक वजन आहे, त्याच्यावर अधिक जबाबदारी असते, हे चालकाने विसरता कामा नये.

शहरालगतच्या गावांतूनही आता मोठ्या रस्त्यांची रहदारी वाहू लागली आहे. तेथील पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी शाळा सुटण्याच्या वेळी अर्धा तास फाटकापाशी उभे राहून पाहावे. मुले कोठे ओलांडतात, पदपथ कोठे तुटतो, वाहने कोठे भरधाव जातात, याची नोंद करून ती रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडे लेखी द्यावी. सर्वांत लहान विद्यार्थ्याला जो रस्ता निर्भयपणे ओलांडता येतो, तोच सर्वांसाठी सुरक्षित रस्ता होय.