पहिले गिऱ्हाईक

नवी वस्तू तयार करणे कठीण खरे. परंतु ती विकत घेणारा पहिला मनुष्य मिळणे त्याहूनही कठीण असते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना हा अनुभव पुरेपूर आला.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस गेले. पण त्यांचे मन रमले ते यंत्रांत. पुढे बेळगावास त्यांनी बंधूंसह सायकलींचे दुकान चालविले. मग लहानशा कारखान्यात कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर बनविला.

लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर मातीचा थर खोलवर कापून पालथा करतो. त्यामुळे तणांच्या मुळ्या वर येऊन उन्हाने वाळतात. इतके गुण असूनही नांगर घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वास्तविक लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच! पण मनात मुरलेली समजूत युक्तिवादाने जात नाही.

या शेतकऱ्यांना हसणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. नांगर फसला, तर कारखानदाराला तेच लोखंड वितळवून दुसरा करता येतो. हंगाम फसला, तर शेतकऱ्याच्या घरात वर्षभर दाणा नसतो. त्याच्या नकारामागे हे भय होते.

असेच भय पूर्वी अमेरिकेतही आडवे आले होते. तेथे चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. जमीन विषारी होईल म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला आणि न्यूबोल्डने अखेर तो उद्योगच सोडला.

लक्ष्मणरावांनी मात्र धीर सोडला नाही. त्यांचा पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली! पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेले पैसे थोडेच असतात. पण त्याने टाकलेला विश्वास फार मोठा असतो. नांगरलेल्या शेतात पीक डोलू लागले, की शेजाऱ्याला निराळा पुरावा लागत नाही.

१९१० साली हा कारखाना औंध संस्थानातील एका निवडुंगाच्या माळावर गेला. तीच आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी होय. ती वसली लोखंडावर खरी. पण तिचा पाया घातला त्या दोन वर्षांच्या चिकाटीने आणि एका शेतकऱ्याच्या धाडसाने.

स्वाध्याय
१. शेतकऱ्यांना हसणे न्यायाचे का नाही?
२. पहिल्या गिऱ्हाइकाचे धाडस कोणते, ते तुमच्या शब्दांत लिहा.