व्हिसा आणि नर्सरीचे १५ तास

प्रश्न : आम्ही दोघेही इंग्लंडमध्ये नोकरीच्या व्हिसावर आहोत. मुलगी ऑक्टोबरात तीन वर्षांची होईल. नर्सरीचे सरकारी तास मिळतील का?

उत्तर : मिळतील, जानेवारीपासून आठवड्याला १५ तास, वर्षातले ३८ आठवडे. व्हिसावरची ‘सार्वजनिक निधी नाही’ ही अट वाचून अनेक पालक चौकशीच करत नाहीत, याचे फार वाईट वाटते. ती अट आडवी येते नोकरदार पालकांच्या ३० तासांना. दोघांपैकी एकालाही त्या निधीचा हक्क नसेल, तर ते मिळत नाहीत. तीन-चार वर्षांच्या सर्वच मुलांना असलेले १५ तास देताना मात्र मिळकत किंवा व्हिसा पाहिला जात नाही. पुढे कायम वास्तव्याच्या अर्जाला बाधा येईल, ही भीतीही निराधार आहे, कारण इमिग्रेशन नियमांतल्या सार्वजनिक निधीच्या यादीत हे तास नाहीतच. जन्मदाखला घेऊन थेट नर्सरीशी बोला, आणि जागा लवकर भरतात म्हणून आत्ताच बोला.