‘आज उडी नाही’ म्हणणारी जागा

माझ्या उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बोटभर लांबीचा व्रण आहे. आत धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत. थंडीत अजूनही ठणका लागतो.

मध्यंतरी पुण्याहून मावसभावाचा फोन आला. “ताई, डिसेंबरात सुट्टी काढून तुझ्याकडे अमेरिकेत येतोय. स्कायडायव्हिंग शिकायचंच आहे. जागाही शोधलीय, सगळ्यात स्वस्त पडतेय.” तो उत्साहाने बोलत होता आणि मी गप्प झाले होते. तीन वर्षांपूर्वी मीही अगदी याच कारणासाठी जागा निवडली होती.

त्याला त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे लिहितेय. शिकू नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. घोटा बरा झाल्यावर मी पुन्हा शिकले, परवाना मिळवला आणि आजही उडी मारते. पण कुठे शिकायचं हे ठरवण्यात मी जेवढा वेळ घालवला, त्याहून जास्त वेळ मी घरचा मिक्सर निवडताना घालवला असेल. त्याची किंमत मोजली.

माझं काय चुकलं

मी तीनच गोष्टी पाहिल्या: घरापासूनचं अंतर, दर आणि फोटो. इंटरनेटवर शोधताना पहिलाच जो नंबर दिसला त्यावर पैसे भरले. तो नंबर उडी मारायच्या जागेचा नव्हताच, परगावच्या एका दलालाचा होता. जागेवर पोचल्यावर कळलं की त्याच्या कूपनला तिथे कोणी ओळखत नाही. ते पैसे गेले. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण दीड तास गाडी चालवून आले होते, म्हणून तिथेच नव्याने नाव नोंदवलं.

शिकायची पद्धत होती एएफएफ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल. टँडम उडीत तुम्ही प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधलेले असता आणि सगळं तोच करतो. एएफएफमध्ये पहिल्या उडीपासून पॅराशूट तुमच्या स्वतःच्या पाठीवर असतं. विमान साधारण तेरा हजार फुटांवर जातं. सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून खाली येतात. वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. मिनिटभरात साडेपाच हजार फुटांवर येता आणि तुम्हीच पॅराशूट उघडता. ते उघडलं की प्रशिक्षक सुटे होतात. पुढची पाच-सहा मिनिटं वर फक्त तुम्ही असता आणि खाली उतरायचंही एकट्यानेच असतं.

मला भीती वाटत होती ती पॅराशूट उघडेल की नाही याची. धोका उतरण्यात होता, हे मला कोणी नीट सांगितलं नाही. पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतानाही गंभीर अपघात होतात, आणि त्यातलं एक मोठं कारण म्हणजे जमिनीजवळ घाबरून घेतलेलं वळण. आम्हाला जमिनीवरचं शिक्षण मिळालं ते सकाळचे जेमतेम तीन तास. तेही मध्येमध्ये थांबून, कारण शिकवणाऱ्यालाच टँडमची गिऱ्हाइकं घेऊन वर जायचं होतं.

पहिल्या तीन उड्या नीट झाल्या. मग सहा आठवडे खंड पडला. कधी हवा खराब, कधी विमान दुरुस्तीला, कधी प्रशिक्षक नाही. चौथ्या उडीला गेले तो शनिवार होता. सकाळपासून टँडमची रांग चालली होती. माझा नंबर लागला तेव्हा साडेचार वाजले होते. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी ती कापडी नळी, काठीला काटकोनात ताणलेली होती आणि मधूनच फडफडत होती. मी विचारलं, “वारा जास्त नाही ना?” उत्तर आलं, “काही होत नाही. ही आजची शेवटची फेरी आहे, चल.”

नाही म्हणायचं मला सुचलं नाही. समोरच्याला जास्त कळतं, असं मी धरून चालले.

पॅराशूट छान उघडलं. विद्यार्थ्याच्या हेल्मेटजवळ रेडिओ असतो आणि खालून प्रशिक्षक ‘डावीकडे वळ, आता सरळ राहा’ असं सांगत असतो. त्या दिवशी रेडिओ गप्प होता. बोलायला ठेवलेला माणूस दुसऱ्या कामात होता, हे नंतर कळलं. वाऱ्याने मला उतरायच्या मैदानापलीकडे ढकललं. समोर काटेरी तारेचं कुंपण दिसलं. मी डावा दोर पूर्ण खाली ओढला. तेव्हा जमीन शंभर फूटही लांब नसेल. वळताना पॅराशूट खाली झेपावतं आणि सावरायला उंची लागते. ती माझ्याकडे नव्हती. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

शस्त्रक्रियेनंतर घरी पडून असताना जवळच्या विमानतळाची त्या दुपारची हवामान-नोंद काढून पाहिली. वारा ताशी अठरा मैल होता, झोत त्याहून जोरात. मग अमेरिकेच्या यूएसपीए या पॅराशूट संघटनेचे सुरक्षा नियम वाचले. आताच्या चौकोनी पॅराशूटवर एकट्याने उतरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी चौदा मैल. नियम होता, लिहिलेला होता, कोणालाही वाचता येईल असा. मी उडी मारल्यानंतर वाचला.

जागा कशी पारखावी

एवढ्या अनुभवातून मी एकच कसोटी घेऊन बाहेर पडले: ही जागा विद्यार्थ्याला ‘आज नाही’ म्हणते का? खाली दिलेली प्रत्येक गोष्ट त्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधायला आहे.

आधी एक अख्खा दिवस नुसतं बघा. पैसे न भरता शनिवारी सकाळी जा आणि संध्याकाळपर्यंत बसा. कडेला खुर्ची टाकून उतरणारे लोक पाहा. विद्यार्थी कुठे उतरतात, मोकळ्या मैदानात की इमारतींजवळ? प्रत्येक विद्यार्थ्यावर खालून कोणाची नजर आहे का? उडीनंतर प्रशिक्षक त्याच्याजवळ बसून काय चुकलं ते सांगतो, की लगेच पुढच्या फेरीला पळतो? दुपारी वारा वाढला की काय होतं, हे तर मुद्दाम थांबून पाहाच. चांगल्या जागी फलकावर ‘विद्यार्थी थांबलेले आहेत’ असं लिहिलेलं दिसतं आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. टँडम उडी मारायची असेल तर तीही अशीच, पाहणी म्हणून मारा.

परवानगी कोणाची आणि कशाची, ते समजून घ्या. अमेरिकेत एफएए ही सरकारी यंत्रणा विमान, वैमानिक आणि राखीव पॅराशूटची घडी यांवर नियम लावते. उडीच्या जागेला ‘चांगली शाळा’ असा सरकारी शिक्का मिळत नाही. यूएसपीएचे सदस्य-केंद्र म्हणजे मूलभूत सुरक्षा नियम पाळायचं वचन दिलेली जागा. सदस्यत्व नसेल तर कारण विचारा. सदस्यत्व असेल तरी ते वचन पाळलं जातं का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. शिकवणाऱ्याचं प्रशिक्षक-कार्ड चालू आहे का, हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. सुरक्षा आणि प्रशिक्षण सल्लागार कोण, हेही विचारा आणि त्यांच्याशी पाच मिनिटं बोला.

विमान आणि माणसं मोजा. छोट्या सेस्नात वैमानिकाशिवाय चार-पाच जण मावतात. पहिल्या एएफएफ उडीत तुम्ही आणि दोन प्रशिक्षक मिळून तीन जागा जातात. एकच विमान आणि दोनच प्रशिक्षक असतील, आणि टँडमची गर्दी असेल, तर विद्यार्थी शेवटच्या फेरीवर ढकलला जाणार. ट्विन ऑटरसारख्या विमानात वीसेक जण जातात, त्यामुळे फेऱ्या अडत नाहीत. मात्र छोटी जागा वाईट आणि मोठी चांगली असं सरसकट नसतं. काही छोट्या जागी तुमचं नाव लक्षात ठेवून शिकवणारी माणसं भेटतात. विचारायचं ते हे, की विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रशिक्षक आणि वेगळा वेळ राखलेला आहे का.

पाठीवर काय चढवताय ते बघा. घोटा बरा झाल्यावर मी जिथे पुन्हा शिकले, त्या दुसऱ्या जागी पहिल्याच सकाळी माझ्या प्रशिक्षिकेने पॅराशूटच्या पिशवीच्या कप्प्यातून घडी घातलेलं एक छोटं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. कडा मऊ पडलेल्या, निळ्या-काळ्या शाईत तारखांची रांग, प्रत्येक तारखेपुढे सही आणि क्रमांक. ही राखीव पॅराशूटच्या घडीची नोंद. अमेरिकेत ते काम फक्त परवानाधारक रिगरनेच करायचं असतं आणि घडीला १८० दिवस झाले की ते पुन्हा उघडून, तपासून घालावं लागतं. “शेवटची तारीख वाच आणि दिवस मोज,” ती म्हणाली. मी बोटांवर मोजले. नव्वदच्या आत होते. “आता प्रत्येक वेळी तूच मोजायचे.” पहिल्या जागी चार उड्या झाल्या, पण असं कार्ड असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्याच वेळी तिने एएडीही दाखवलं. ठरलेल्या उंचीखाली तुम्ही अजून वेगाने पडत असाल तर हे छोटं यंत्र राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. विद्यार्थ्याच्या पाठीवर ते असलंच पाहिजे. बेधडक विचारा आणि चालू आहे ना, तेही बघा.

सलग वेळ काढा. महिन्यातून एक उडी असं शिकू नका. शरीर विसरतं आणि भीती मात्र ताजी राहते. तीस दिवसांचा खंड पडला तर विद्यार्थ्याने पुढची उडी प्रशिक्षकाबरोबर, उजळणी करूनच मारावी, असं यूएसपीएचं म्हणणं आहे. माझ्या सहा आठवड्यांच्या खंडानंतर कोणी उजळणी घेतली नाही. ‘ए’ परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. दोन-तीन आठवड्यांची रजा टाकून, हवा स्थिर असेल अशा प्रदेशात आणि ऋतूत शिकणं सगळ्यात बरं. अमेरिकेच्या ईशान्येकडे राहणाऱ्यांना हिवाळ्यात जवळची केंद्रं बंद मिळतात. कॅलिफोर्नियातलं पेरिस, अ‍ॅरिझोनातलं एलॉय, फ्लोरिडातलं डीलँड ही गावं या खेळासाठी ओळखली जातात, स्पेनमध्ये एम्पुरियाब्रावा. पेरिस आणि एलॉयला उभ्या वाऱ्याचा बोगदाही जवळच आहे. त्यात तरंगून शरीराची स्थिती आधी पक्की करता येते. पण बोगद्यात उतरणं शिकता येत नाही, हे लक्षात असू द्या.

पैशाचे प्रश्न न लाजता विचारा. पैसे थेट केंद्राला द्या, मध्ये दलाल नको. एखादी पायरी पुन्हा करावी लागली तर तिचे किती? हवेमुळे उडी झाली नाही तर पैशाचं काय? पुन्हा करायची पायरी महाग आणि रद्द झालेल्या दिवसाचे पैसे बुडीत, असा हिशेब असेल तर विद्यार्थी स्वतःच स्वतःवर उडी मारण्याची सक्ती करतो. मीही तेच केलं होतं. शिवाय सही करताय तो कागद वाचा. अपघात झाला तर दावा करणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. प्रवास विम्यातून हा खेळ बहुतेकदा वगळलेला असतो, तेव्हा भारतातून येणाऱ्यांनी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय विमानतळ गाठू नये.

आपल्याकडच्यांसाठी आणखी एक गोष्ट

मावसभावाने मध्येच शीतल महाजन यांचं नाव काढलं. पुण्याची मुलगी, २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे नऊवारी नेसूनही उडी मारली. मलाही त्यांचा फार अभिमान आहे. पण ती पहिली उडी हा त्यांच्या धाडसाचा दाखला आहे, तो आपल्यासाठी शिकण्याचा रस्ता नव्हे. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर त्यानंतर वर्षानुवर्षं चालू ठेवलेली मेहनत घ्यावी. घरच्यांना किंवा ऑफिसात ‘मी उडी मारणार’ असं सांगून आलो आहोत, हे दडपण आपल्या माणसांवर फार असतं. फोटो न घेता परत जायची तयारी मनाशी करूनच घराबाहेर पडा.

दुसऱ्या जागी माझ्या सातव्या उडीच्या दिवशी मी पट्टे आवळून, हेल्मेट घालून विमानाजवळ उभी होते. प्रशिक्षिकेने वाऱ्याचं यंत्र पाहिलं. सोळा मैल. तिने काही न बोलता माझ्या छातीचा पट्टा सोडवला. सगळा दिवस वाया गेला होता, आणि मला रडू आलं ते सुटकेचं होतं. माझ्या वतीने कोणीतरी नाही म्हटलं होतं.

म्हणून मावसभावाला मी शेवटी एकच काम दिलं. प्रत्येक जागेला फोन कर आणि विचार: “माझा शेवटचा दिवस आहे, एकच उडी राहिलीय आणि वारा सोळा मैल आहे. काय कराल?”

चार दिवसांनी त्याचा फोन आला. “ताई, ती स्वस्तवाली जागा म्हणाली, ‘या तर खरं, काहीतरी जमवू.’ दुसऱ्या जागेवरच्या बाई म्हणाल्या, ‘मग तू उडी मारणार नाहीस. पैसे खात्यात राहतील, पुन्हा ये.’”

“मग?”

“दुसरीकडे नाव घातलंय. आणि तिकीट चार दिवस पुढचं काढलंय, वाऱ्यासाठी.”

घोट्याच्या व्रणावर हात ठेवून मी त्याला म्हटलं, “ये रे, मी आणायला येते.”