संशोधनातला 'दाता' कोण? मिरज, करंजखोप आणि उसाच्या बिलाची गोष्ट



परवा बारावीच्या वर्गात फळ्यावर 'दाता' एवढाच शब्द लिहिला आणि विचारलं, काय आठवतं? पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, लिगंड!" बरोबरच आहे. सहसंयुजांचा धडा नुकताच झालेला. अमोनियातला नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी धातूच्या आयनाला देतो, म्हणून तो दाता अणू. मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "रक्तदाता". पण प्रयोगशाळेला पैसा देणारा, जागा देणारा, मेल्यावर स्वतःचा देह देणारा दाता कुणालाच आठवला नाही. आजचा पाठ त्याच्याबद्दल. परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही, तरी वाचा.

आधी त्या नायट्रोजनकडेच पुन्हा एकदा बघा. तो जोडी देतो, पण सोडून देत नाही. जोडी दोघांत वाटली जाते, दात्याचा हात तिच्यावर असतोच. संशोधनाला पैसा देणाऱ्यांचंही बऱ्याचदा असंच असतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

मिरजेचा दवाखाना

आपल्या भागापासून सुरुवात करू. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल तुमच्यापैकी बहुतेकांनी बाहेरून तरी पाहिलं असेल. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आले. सुरुवात साध्या दवाखान्यापासून झाली. पुढे ते मिरजेला गेले आणि १८९४ साली तिथं मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. जागा मिरज संस्थानची. इमारतीचा पैसा कुणाचा? फिलाडेल्फियाच्या जॉन एच. कॉन्व्हर्स यांचा. हे गृहस्थ बाल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचे मालक-भागीदार. म्हणजे अमेरिकेत इंजिनं विकून मिळालेला पैसा मिरजेच्या शस्त्रक्रियागृहात आला. मिरज पुढे रेल्वे जंक्शन म्हणूनच ओळखली गेली, हा योगायोग मला फार आवडतो.

तुम्ही म्हणाल, हॉस्पिटल म्हणजे संशोधन नव्हे. खरं आहे. पण वैद्यकीय संशोधनाला आधी काय लागतं? रुग्ण लागतात, त्यांच्या नोंदी लागतात, शिकलेले हात लागतात. नोंद नसेल तर कोणतं औषध कुणाला लागू पडलं, हे सांगणार कसं? वॉनलेस यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, क्षयरोग्यांसाठी वेगळी सोय उभी केली. त्या भागाला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तोवर या गावाला वैद्यकीची सात दशकांची सवय झालेली होती. सातारा जिल्ह्यातही असंच एक उदाहरण आहे. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात, १९१२ साली, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून तीस-एक वर्षं होती. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं, एवढाच उपचार.

कलकत्त्याची खुर्ची आणि करंजखोपचा गहू

आता थोडं लांब जाऊ, पण परत साताऱ्यातच येऊ.

कलकत्ता विद्यापीठाला १९१२ साली वकील तारकनाथ पालित यांनी आणि पुढच्याच वर्षी रासबिहारी घोष यांनी लाखो रुपये दिले. घोषांची पहिली देणगीच दहा लाखांची. या पैशातून प्राध्यापकपदं निर्माण झाली. रसायनशास्त्राच्या पालित पदावर प्रफुल्लचंद्र राय आले, भौतिकशास्त्राच्या पदावर सी. व्ही. रामन. पालितांची एक अट होती: या पदांवर भारतीयच नेमायचे. इंग्रजी राज्यात वरच्या जागा गोऱ्यांकडे जात, तेव्हाची ही अट. दात्याची अट नेहमी वाईटच असते असं नाही, ते इथं दिसतं.

घोषांच्या देणगीतून वनस्पतिशास्त्राचंही एक पद निघालं. त्यावर कोण आलं? मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. कलकत्त्यातून १९४६ साली निवृत्त होऊन ते पुण्याला आले आणि त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. तिची संशोधनसंस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेनं काढलेलं गव्हाचं वाण म्हणजे एमएसीएस ६४७८. कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी ते लावलं. आधी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल निघायचे, ते ४५ ते ६० वर गेले. तांबेऱ्याला ते दाद देत नाही आणि ११० दिवसांत काढणीला येतं.

आता घोषांच्या देणगीमुळे करंजखोपला गहू पिकला, असं म्हणायचं का? नाही, एवढं सरळ नसतं ते. मधे शंभर वर्षं आहेत, आघारकरांचे कष्ट आहेत, पुढच्या शास्त्रज्ञांची पैदास आहे आणि केंद्र सरकारचं अनुदान तर आहेच. पण एक धागा आहे. दात्यानं इमारत नाही, माणूस पोसला. माणसानं पुढं संस्था काढली.

कोनशिला आणि जळलेला दिवा

इथं थोडं मनातलं बोलतो. देणगी म्हटलं की आपल्याकडं कोनशिला आठवते. अमुक यांच्या स्मरणार्थ सभागृह, तमुक यांच्या स्मरणार्थ प्रवेशद्वार. रसायनांना, विजेच्या बिलाला, यंत्राच्या दुरुस्तीला कुणी देत नाही, कारण तिथं नावाची पाटी लावता येत नाही. एका कॉलेजात (नाव नको) मी देणगीतून आलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर पाहिला होता. द्रावणातून किती प्रकाश शोषला गेला हे मोजणारं हे यंत्र. त्यातला अतिनील प्रकाशाचा ड्युटेरियमचा दिवा ठरावीक तासांनी संपतो, नवा घालावा लागतो. दिवा गेला, बदलायला पैसे नव्हते, यंत्रावर कापड टाकलं. कापड मात्र दर सोमवारी धुतलेलं असायचं!

म्हणून २०२५ मधली एक बातमी मला मोठी वाटली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे जुन्या यूडीसीटीला, तिथंच शिकलेल्या मुकेश अंबानी यांनी १५१ कोटी रुपये जाहीर केले. रक्कम मोठी आहेच, पण ती कुठलीही अट न घालता, प्रा. एम. एम. शर्मा यांना गुरुदक्षिणा म्हणून दिली, असं सांगितलं गेलं. बिनअटीचा पैसा संशोधकाला सर्वांत उपयोगी. उद्या प्रयोग कुठं वळेल हे आज कुणालाच माहीत नसतं.

छोटे दाते विसरू नका. साताऱ्यात हे सांगायला नको. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड म्हणजे घरटी मूठभर धान्य. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्रही दिलं. त्या धान्यावर शिकलेली मुलं पुढं प्रयोगशाळांत गेली. अमेरिकेतही असं झालं आहे. १९३८ साली पोलिओसाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान निघालं आणि लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. त्या पैशातून जोनास साल्क यांच्या कामाला मदत मिळाली आणि १९५५ मध्ये लस आली.

उसाचं बिल

तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ऊस आहे. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. वसंतदादा गेल्यावर तिला त्यांचं नाव दिलं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ऊसजाती, माती परीक्षण, मळीपासून अल्कोहोल, किण्वनाची क्रिया असं तिथलं काम. खर्चासाठी कारखाने गाळपाच्या टनामागे वर्गणी देतात. कारखाना कुणाचा? सभासदांचा. म्हणजे वाळव्याचा, कराडचा ऊसवाला रसायनशास्त्रातल्या संशोधनाचा दाता झाला की नाही?

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं हात वर केला. "सर, आमच्या पप्पांना कुणी विचारलं नव्हतं. मग ते दान कसं? ती कपात झाली." वर्ग हसला, पण प्रश्न चोख होता. दानाला संमती लागते. कपात, कर, कंपन्यांचा कायद्यानं द्यायचा दोन टक्के सीएसआर, यांतून संशोधन होतं आणि ते चांगलंही असतं, पण ते दान नाही. फरक एवढाच की ज्याचा पैसा सक्तीनं घेतला, त्याला हिशेब मागायचा हक्क जास्त.

आणि आता साखरेचीच दुसरी बाजू. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या एका संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले. काम होतं, आधी झालेल्या अभ्यासांचा आढावा घेण्याचं. तो आढावा १९६७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयविकाराचा दोष चरबीकडं गेला, साखरेवरचा आरोप सौम्य झाला. पैसा कुणाचा, हे लेखात कुठंच नव्हतं. त्या काळी ते सांगायचा नियमही नव्हता. जुनी पत्रं तपासून हे २०१६ मध्ये उघड झालं, तोवर पन्नास वर्षं गेलेली. लेखातला प्रत्येक आकडा खोटा होता असं नाही. कोणता अभ्यास धरायचा आणि कोणता कमकुवत म्हणून सोडायचा, या निवडीत दात्याचा हात होता. आठवा, नायट्रोजन जोडी सोडत नाही!

म्हणून आज शोधनिबंधाच्या शेवटी पैसा कुणी दिला आणि कुणाचे हितसंबंध आहेत, हे छापावं लागतं. आपण ऊस पिकवणारी माणसं, आपल्याला ही गोष्ट ऐकायला कडू लागते. पण साखरेच्या पट्ट्यातल्या मुलांना ती माहीत नसेल तर मग कुणाला असावी?

देह देणारे

शेवटचा दाता पैसा देतच नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी मृतदेह घेता येतात. काही बेवारस असतात, काही देहदानाचे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मुलं यांच्याकडूनच शिकतात. देह टिकतो तो फॉर्मॅलिनमुळे, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणामुळे. फॉर्माल्डिहाइडचा रेणू प्रथिनांच्या अमिनो गटांना जोडला जातो आणि एका साखळीला दुसरीशी पूल बांधतो. प्रथिनं जागच्या जागी घट्ट होतात, जिवाणूंना ती कुजवता येत नाहीत. अकरावी-बारावीत शिकलेली कार्बोनिल गटाची अभिक्रिया इथं कामाला येते.

नियम साधे आहेत, पण घराघरांत माहीत नसतात. इच्छापत्राचा फॉर्म जिवंतपणी भरायचा. तरीही प्रत्यक्षात नातेवाइकांनी कळवलं नाही तर काहीच होत नाही, त्यामुळे घरात बोलून ठेवणं फॉर्मपेक्षा महत्त्वाचं. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांचा देह सहसा स्वीकारत नाहीत. मृत्यूनंतर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. अडचण बहुधा फॉर्मची नसते. "अग्नी द्यायचा नाही?" हा आजीचा प्रश्न असतो, आणि त्याला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. काही घरं आधी विधी करतात आणि मग देह सुपूर्द करतात.

आणि ज्यांना विचारलंच नाही अशाही दात्या आहेत. १९५१ साली अमेरिकेत हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या. प्रयोगशाळेत त्या वाढतच राहिल्या. हेला नावानं त्या जगभर गेल्या, पोलिओच्या लशीच्या चाचणीतही वापरल्या. कंपन्यांनी पैसा मिळवला, कुटुंबाला अनेक वर्षं पत्ताच नव्हता. एका कंपनीशी वारसांची तडजोड झाली ती २०२३ साली. आपल्याकडं आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनासाठी नमुना घेण्याआधी समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडं मराठीत. कागद इंग्रजीत आणि अंगठा खाली, याला संमती म्हणत नाहीत.

स्वाध्याय: घरी उसाचं बिल असेल तर त्यातल्या कपातींची यादी करा आणि प्रत्येकीपुढं 'दान' की 'कपात' ते लिहा, कारणासह. तुमच्या शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या प्रयोगशाळेत देणगीतून आलेलं एक उपकरण शोधा, ते चालू आहे का बघा, बंद असेल तर कशामुळे ते प्रयोगशाळा सहायकांना विचारा. आणि त्या मुलीचा प्रश्न घरी विचारून या. तिच्या पप्पांना कुणी विचारायला हवं होतं का, आणि कसं? उत्तरं सोमवारी वर्गात ऐकू.