घर मिळाले, शेजार हरवला : आपत्तीनंतरचे वृद्धांचे मन

– द्वितीय वर्ष कला

'आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावायचे?' अशी एक म्हण आपण नेहमी ऐकतो. भूकंप, महापूर, दरड कोसळणे या आपत्ती म्हणजे आभाळ फाटणेच होय. अशा वेळी शासन व सेवाभावी संस्था धावून येतात आणि अन्न, वस्त्र, निवारा यांची ठिगळे लागतात. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या मनाला पडलेले भगदाड सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. त्याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी वळले ती पुस्तकामुळे नव्हे. आमचे वरवे बुद्रुक हे पुणे-सातारा महामार्गावरील गाव. महामार्गाच्या आजूबाजूला कारखाने आले, तशी मराठवाड्यातील कुटुंबेही कामासाठी येऊन खोल्या घेऊन राहू लागली. आमच्या शेजारीच असे एक कुटुंब आहे. मुलगा कारखान्यात जातो. त्याची आई पंच्याहत्तरी ओलांडलेली. त्या मूळच्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीच्या बाजूच्या. आजी दिवसभर दाराशी बसून असतात. जेवण अर्धे टाकतात. पहाटे तीनच्या पुढे त्यांना झोप नाही. सून म्हणते, "वय झालं, दुसरं काय?" मलाही तसेच वाटे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शरीरासारखे मनही आजारी पडते, हे मी प्रथम मानसशास्त्राच्या तासाला ऐकले, आणि त्याच दिवशी मला या आजी आठवल्या.

एकदा धीर करून मी विचारले, "आजी, मुलगा चांगला आहे, सून सगळं करते. मग तुम्हाला कमी काय आहे?"

त्या म्हणाल्या, "कमी काही नाही माय. पर माझ्या नावानं हाक मारणारं एक माणूस राहिलं नाही. इथं सगळ्यांची मी नुसती आजीच."

या उत्तराचा अर्थ कळण्यासाठी मला किल्लारीचा इतिहास वाचावा लागला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपलेले होते. त्या भागातील घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याची सरकारी नोंद आहे. आमच्या शेजारच्या आजींची जाऊ व दोन पुतणे त्यांत गेले.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. हे काम फार मोठे होते आणि त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु जुने गाव म्हणजे अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत, आणि प्रत्येक वाड्याची ढेळज. ढेळजेत बसले की जाणारा-येणारा दोन शब्द बोलूनच पुढे जाई. नवी गावे सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची, लांबवर पसरलेली झाली. घराच्या आकारानुसार ओळी पडल्या, तेथे भावकी आणि शेजार यांची फाटाफूट झाली. तरुणाला हे अंतर काहीच नाही. पण गुडघे धरलेल्या म्हातारीला दोन ओळी पलीकडची मैत्रीण परगावी गेल्यासारखीच असते. आजींच्या बाबतीत तेच झाले. "नवीन घर पक्कं होतं, पर बोलायला भिंतीच," असे त्या म्हणतात. पुढे मुलाच्या नोकरीपायी तेही घर सुटले.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोली येथे आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. असंख्य आयुष्ये त्यामुळे मार्गी लागली. मुलांसाठी, तरुणांसाठी 'पुढे काय?' हा प्रश्न समाजाने असा आपुलकीने विचारला. वृद्धांसाठी तो कोणी विचारला? त्यांचे पुढे काय व्हायचे राहिले आहे, असेच आपण गृहीत धरतो.

आता विषण्णता (नैराश्य) म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. दुःख आणि विषण्णता एक नव्हेत. आप्त गेल्यावर रडू येणे हा रोग नाही. ते ओसरत जाते. परंतु कशातच मन न रमणे, झोप व भूक जाणे, आपण निरुपयोगी झालो असे वाटणे, हे आठवडेच्या आठवडे टिकून राहिले तर ती विषण्णता समजावी. वृद्धांत ती ओळखणे अवघड, कारण झोप कमी होणे, अंग दुखणे ही वयाचीही लक्षणे असतात. म्हणून येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ च्या सुमारास वृद्धांसाठी जी खास प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात शारीरिक तक्रारींऐवजी मनाच्या स्थितीवर भर दिला. आयुष्य रिकामे वाटते का, घराबाहेर पडण्यापेक्षा घरातच राहावेसे वाटते का, अशा तऱ्हेचे हो-नाही उत्तराचे प्रश्न तिच्यात आहेत.

सामाजिक आधाराचे शास्त्रज्ञ साधारणपणे तीन प्रकार मानतात : वस्तूंचा व कामाचा आधार, माहितीचा आधार आणि भावनिक आधार. फ्रॅन नॉरिस आणि क्रिस्तॉफ कनियास्ती या संशोधकांनी १९९६ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. आपत्तीनंतर सुरुवातीला मदतीचा ओघ येतो, पण पुढे 'आपल्याला कोणी आहे' ही भावनाच झिजते. कारण आधार देणारेही त्याच आपत्तीत सापडलेले असतात. कोणी मेलेले, कोणी विखुरलेले, कोणी थकलेले. ही भावना टिकली तरच मन सावरते. धान्याचे पोते ही भावना देऊ शकत नाही.

माझ्या अल्पमतीला यात आणखी एक बाब दिसते. गावातील वृद्ध माणूस केवळ आधार घेणारा नसतो, तो देणाराही असतो. बाळंतिणीला काय द्यावे, बांधाचे भांडण कसे मिटवावे, हे त्याला विचारले जाते. आपत्तीनंतर देणारा हात एकदम घेणारा होतो. मुलगा-सून कितीही प्रेमळ असली तरी ही जागा ती भरून काढू शकत नाहीत.

हा अनुभव केवळ आपला नाही. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे येथे भूकंप झाला. तात्पुरती घरे देताना वृद्ध व अपंगांना प्राधान्य मिळाले. हेतू चांगला होता, पण वाटप बहुतांशी सोडत काढून झाल्यामुळे ते आपल्या शेजाऱ्यांपासून तुटले. त्या वसाहतींत दोनशेहून अधिक माणसे एकटी असताना, कोणाला न कळता मरण पावली. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर इवानुमा या शहरात काही लोक सोडतीने एकएकटे हलले, तर काही वस्ती मिळून हलले. आपत्तीच्या आधीच तेथील वृद्धांची पाहणी झालेली असल्याने तुलना करता आली. जे वस्तीसह हलले त्यांचे जाणे-येणे, मिसळणे टिकले, किंबहुना वाढले. एकएकटे हललेल्यांचे ते घटले.

आपल्या पुणे जिल्ह्यातही उदाहरण आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव उभे राहिले व २०१७ मध्ये लोक तेथे राहावयास गेले. पहिल्याच पावसाळ्यात तेथे रस्ते खचले, भेगा पडल्या, हे खरे. तरीही गाव आपल्या नावासह, आपल्या शिवाराजवळ एकत्र राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

हे सारे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझी स्वतःची आजी आहे. आईचे माहेर भोरच्या पश्चिमेला, हिर्डस मावळात. त्या भागातील धानवली, कोंढरी अशा गावांची नावे दरडीच्या भीतीने वारंवार ऐकू येतात. पावसाळा लागला की आम्ही आजीला वरव्याला आणतो. आठ दिवसांत ती परत जायचे काढते. गेल्या वर्षी मी तिला रागाने म्हटले, "आजी, तुला मरायचं आहे का तिथं?" ती गप्प बसली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आज वाटते, ती डोंगराकडे जात नव्हती, आपल्या नावाने हाक मारणाऱ्यांकडे जात होती. तरी दरडीचा धोका खोटा ठरत नाही. तिला तेथून हलविलेच पाहिजे. पण एकटीला नव्हे, तिच्या वाडीसकट.

म्हणून पुनर्वसनाच्या वेळी शेजारी शेजारीच राहतील असे वाटप व्हावे, बसायला पार व ओटे असावेत, आणि घरांचा नकाशा ठरविताना म्हाताऱ्यांनाही विचारावे. विषण्णतेची लक्षणे दिसल्यास 'वय झाले' म्हणून सोडून न देता उपचार घ्यावेत. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर रोज एक तास एखाद्या ओट्यावर नुसते बसलो तर तेही श्रमदानच ठरेल.

शेजारच्या आजींना मी त्यांचे नाव विचारून घेतले आहे. मी वयाने लहान, त्यामुळे नावाने हाक मारू शकत नाही. पण आमच्या गल्लीतील त्यांच्याच वयाच्या एका आजींना मी ते सांगितले. आता संध्याकाळी त्या काठी टेकीत येतात आणि दाराबाहेरूनच मोठ्याने हाक मारतात. त्या दिवशी शेजारच्या आजी दोन घास जास्त जेवतात, असे त्यांची सून सांगते.